खेर, बाळ गंगाधर

खेर, बाळ गंगाधर : (२४ ऑगस्ट १८८८–८ मार्च १९५७). मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेस पंतप्रधान, स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री व समाजसुधारक. ‘बाळासाहेब खेर’ या नावाने ते सर्वत्र परिचित होते. १९३७–३९ आणि १९४६–५२ अशा दोन कालखंडांत त्यांच्याकडे राज्यकारभाराची सूत्रे होती. पहिल्या कालखंडात सत्ता मर्यादित होती व मताधिकारही थोड्यांनाच होता. दुसऱ्या कालखंडाच्या पूर्वार्धात देश स्वतंत्र झाला. जमीनधारणा, अस्पृश्यता, विवाह, शिक्षण, मद्यपान, आदिवासींची वेठ अशा अनेक प्रश्नांना या दोन कालखंडांत कायद्याने हात घातला गेला. समाजाची घडी हिंसेवाचून आणि विधिमंडळाच्या मार्गाने बदलता येईल, ही खेरांची श्रद्धा होती. ती कितपत खरी ठरली, या कसोटीवरच त्यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करावे लागते.

पूर्वायुष्य : खेरांचा जन्म रत्नागिरी येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण पुण्यास व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०८ मध्ये ते पदवीधर झाले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय होता. पुढे कायद्याची पदवी घेऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँक बीमन यांचे साहाय्यक म्हणून काही वर्षे काम केले आणि १९१८ मध्ये भागीदारीत सॉलिसिटरचा व्यवसाय सुरू केला. दस्तऐवज काटेकोरपणे तपासण्याची आणि दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय त्यांना या व्यवसायातून लागली. ती त्यांच्या राजकारणातही शेवटपर्यंत दिसते.

असहकारितेच्या चळवळीनंतर ते स्वराज्य पक्षात आले व त्या पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३० व १९३२ मध्ये त्यांना सश्रम कारावास भोगावा लागला. १९४२ च्या आंदोलनात ते स्थानबद्ध होते. १९४४ मध्ये त्यांची सुटका झाली. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाचे, विशेषतः अस्पृश्यतानिवारण, खादी, मूलोद्योग शिक्षण व दारूबंदी यांचे, ते निष्ठावंत पुरस्कर्ते होते.

पहिले मंत्रिमंडळ : १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्याने प्रांतांना अंतर्गत कारभारात बरीचशी स्वायत्तता मिळाली. त्या कायद्यानुसार प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखास पंतप्रधान म्हणत. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. विधिमंडळ पक्षाचे नेतृत्व मुंबईचे लोकप्रिय पुढारी खु. फ. नरिमन यांच्याकडे जाईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. परंतु निवड खेरांची झाली. या निवडीत वल्लभभाई पटेल यांनी आपल्यावर अन्याय केला, अशी तक्रार नरिमन यांनी केली. गांधीजी व दि. न. बहादुरजी यांनी तिची चौकशी करून आरोप अमान्य केला. खेर स्वतः या वादात पडले नाहीत.

काँग्रेसने आरंभी मंत्रिपदे स्वीकारली नसल्याने काही काळ सर धनजीशा कूपर यांचे मंत्रिमंडळ होते. जुलै १९३७ मध्ये खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अण्णासाहेब लठ्ठे, कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई, डॉ. मं. द. गिल्डर, ल. मा. पाटील व म. य. नुरी हे त्यांचे सहकारी होते. कायदेभंगाच्या काळात जप्त झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत करण्यासाठी १९३८ मध्ये कायदा करण्यात आला. प्रौढ साक्षरतेची मोहीम सुरू झाली. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी अंमलात आली व त्यामुळे बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला.

याच काळात या मंत्रिमंडळाच्या मर्यादाही उघड झाल्या. १९३८ च्या औद्योगिक कलहविषयक कायद्याने संपापूर्वी तडजोडीची प्रक्रिया सक्तीची केली आणि ती पूर्ण होण्याआधीचा संप बेकायदेशीर ठरविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार संघटना यांनी या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला; त्या दिवशी पोलिसांचा गोळीबार झाला. कामगार व मालक यांच्यात सरकारने तटस्थ पंच असावे, अशी मंत्रिमंडळाची भूमिका होती. संपाचा हक्क हेच दुर्बलाचे एकमेव साधन आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर गोवण्यात आल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

जमीनधारणेचा प्रश्न : खेरांच्या कारकीर्दीतील सर्वांत दूरगामी परिणामांचे कार्य जमीनविषयक होय. कोकणात खोत हा सरकार व कुळे यांच्यामधील सारावसुली करणारा मध्यस्थ होता. धान्याचा मोठा हिस्सा आणि त्याशिवाय वेठ घेण्याची वहिवाट अनेक खोतांनी चालू ठेवली होती. कुलाबा जिल्ह्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेती न कसण्याचा संप केला व तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. मात्र ते विधेयक संमत झाले नाही. त्याऐवजी सरकारने १९३९ मध्ये कुळवहिवाटीचा कायदा केला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ मानण्याचे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. तथापि मंत्रिमंडळ लवकरच पायउतार झाल्याने त्याचा अंमल प्रथम मर्यादित क्षेत्रातच झाला.

१९४६ मध्ये पुन्हा अधिकारावर आल्यानंतर खेर सरकारने हा प्रश्न अधिक व्यापकपणे हाती घेतला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम हा त्यातील मध्यवर्ती कायदा. त्याने खंडाची कमाल मर्यादा बागायत जमिनीत उत्पन्नाच्या एक-चतुर्थांश व इतर जमिनीत एक-तृतीयांश ठरविली, कुळाकडून वेठ वा जादा आकारणी घेण्यास मनाई केली आणि संरक्षित कुळास जमीन विकत घेण्याचा मर्यादित हक्क दिला. त्यापाठोपाठ भागदारी, नरवादारी, तालुकदारी, परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करणारे कायदे आले. खोती नष्ट करणारा अधिनियम १९५० मध्ये अंमलात आला. आंबेडकरांनी मागितलेली गोष्ट अशा रीतीने बारा वर्षांहून अधिक काळाने, आणि तीही खेरांच्याच कारकीर्दीत, प्रत्यक्षात आली. खेरांचा स्वतःचा रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा बालेकिल्ला होता.

या कायद्यांची दुर्बल बाजू त्यांच्या अंमलबजावणीत होती. मालकास स्वतः कसण्यासाठी जमीन परत घेण्याची मुभा होती. कुळाचे नाव तलाठ्याच्या दप्तरात नसेल, तर कायद्याचे संरक्षण कागदावरच राही. आणि खंडाची पावती देण्याची पद्धत फारशी नसल्यामुळे वहिवाट सिद्ध करणे निरक्षर कुळास कठीण जाई. वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या कायद्याच्या कार्यवाहीची पाहणी केली. तिच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कुळांनी स्वखुशीने जमिनी सोडल्याच्या नोंदींचे मोठे प्रमाण दाखवून देण्यात आले. अशा राजीनाम्यांपैकी कित्येक नावापुरतेच स्वेच्छेचे होते.

ठाणे जिल्हा व आदिवासी : खेरांच्या सुधारणावादाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही ठाणे जिल्ह्यात सर्वांत स्पष्टपणे दिसतात. त्या वेळी हा जिल्हा वसईच्या किनाऱ्यापासून उंबरगावपर्यंत पसरलेला होता. त्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे १९३५ च्या कायद्यान्वये ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ म्हणून घोषित झाले होते. खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपविण्यात आली. जमीनदार, सावकार व जंगलाचे ठेकेदार यांच्याकडून वारली व इतर आदिवासींची होणारी पिळवणूक व वेठ यांचे स्पष्ट वर्णन त्यांच्या अहवालात आढळते. सत्ता सोडल्यानंतर १९४० मध्ये खेरांनी ठाणे जिल्ह्यासाठी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ या कार्यात त्यांचे सहकारी होते. शाळा, वसतिगृहे व आरोग्यसेवा ही मंडळाची मुख्य कार्यक्षेत्रे होती.

दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांची योजना १९४७ पासून सुरू झाली. लाकूडतोडीचे कूप ठेकेदारांना लिलावाने देण्याऐवजी आदिवासींच्या संस्थांना द्यावयाचे, म्हणजे मजुरीबरोबर नफ्याचा काही अंशही त्यांच्याकडे राहील, हा तिचा गाभा होता. या संस्थांचे संघटन बऱ्याच अंशी सेवाभावी कार्यकर्त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले आणि पुढील दोन दशकांत त्या ठाणे, नासिक व खानदेश भागांत पसरल्या. गांधीजींच्या निधनानंतर सुरू झालेल्या सर्वोदय योजनेतूनही मागास भागांत विकासकेंद्रे उघडण्यात आली.

दरम्यान त्याच आदिवासींनी स्वतःची संघटना उभारली होती. १९४५ मध्ये किसान सभेच्या वतीने शामराव व गोदावरी परुळेकर यांनी डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांमध्ये काम सुरू केले. त्या वर्षी मे महिन्यात झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ व लग्नगडीची प्रथा झुगारण्याचा निर्धार झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावयाचे, असे त्या प्रथेचे स्वरूप होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये, गव्हर्नरची राजवट असताना, तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला व त्यात माणसे मृत्युमुखी पडली. खेर अधिकारावर आल्यानंतर गवतकापणी व जंगलकामाच्या मजुरीसाठी १९४६ च्या अखेरीस वारल्यांनी संप केला. सरकारने तो शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न मानला. परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचे हुकूम बजावण्यात आले आणि जानेवारी १९४७ मध्ये पुन्हा गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर यांच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात या लढ्याची हकीकत आली आहे.

वेठ संपली पाहिजे, याबद्दल खेर व परुळेकर यांच्यात मतभेद नव्हता. ती कोणी संपवावयाची, हा वादाचा मुद्दा होता. आदिवासींचे भले शिक्षण, सहकार व कायदा यांच्या द्वारे, हितचिंतकांच्या मार्गदर्शनाखाली व्हावे, असे खेरांना वाटे. आदिवासींनी आपल्या मजुरीचा दर आपणच सांगावा, ही गोष्ट त्यांच्या सरकारला पेलली नाही. तथापि संपानंतर या भागात वेठीची जुनी पद्धत पुन्हा पूर्वीसारखी रुजू शकली नाही आणि जंगल कामगार संस्थांची योजना याच काळात आकारास आली, हेही लक्षात घेतले पाहिजे.

सामाजिक कायदे : सामाजिक क्षेत्रात खेर मंत्रिमंडळ केंद्र सरकारच्या पुढे होते. सार्वजनिक पाणवठे, वाहने, उपाहारगृहे व अन्य स्थळी हरिजनांना अडविणे हा १९४६ च्या कायद्याने गुन्हा ठरविला गेला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून उपोषण केले व मंदिर खुले झाल्यावर ते सोडले. त्याच वर्षी प्रांतातील हिंदू मंदिरांत हरिजनांना प्रवेशाचा हक्क देणारा अधिनियम संमत झाला. १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी करणारा व १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा झाला; केंद्रीय हिंदू विवाह अधिनियम येण्यास त्यानंतर १९५५ साल उजाडले. द्विभार्या प्रतिबंधक कायदा मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात वैध ठरविला. जातिबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा १९४९ चा अधिनियम मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात पुढे २०१६ मध्ये झाला. गुन्हेगार जमातींचा जुना कायदा मुंबई राज्याने १९४९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या आधी, रद्द केला.

शिक्षण व प्रशासन : शिक्षण हा खेरांचा जिव्हाळ्याचा विषय होता. वर्धा शिक्षणयोजनेचा विचार करण्यासाठी मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने १९३८ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. स्वातंत्र्यानंतर शिक्षणाच्या आर्थिक तरतुदीचा विचार करणारी समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने सक्तीच्या शिक्षणाचा पाया घातला. माध्यमिक शाळांच्या खालच्या इयत्तांतून इंग्रजी वगळण्याचा त्यांच्या सरकारचा निर्णय मात्र बराच वादग्रस्त ठरला. पुणे, गुजरात, कर्नाटक व बडोदे येथील विद्यापीठे त्यांच्या कारकीर्दीत स्थापन झाली. पुणे विद्यापीठास गणेशखिंड येथील गव्हर्नरांचे निवासस्थान व त्याभोवतीचा विस्तीर्ण परिसर मिळाला, मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होत.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटारगाडी धावली. त्याच वर्षी दख्खनमधील संस्थाने राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये कोल्हापूर व बडोदे यांची भर पडली. भिन्न भाषांच्या व भिन्न कायद्यांच्या या प्रदेशांचा कारभार एका सूत्रात आणण्याचे अवघड काम खेरांच्या मंत्रिमंडळाने केले. खाडीकाठच्या शेतीस भरतीच्या पाण्यापासून संरक्षण देण्यासाठी १९४८ मध्ये खार जमीन अधिनियम करण्यात आला. त्याचे महत्त्व ठाणे व कुलाबा जिल्ह्यांस विशेष होते.

दारूबंदीचे धोरण १९४७ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा अंमलात आले व एप्रिल १९५० मध्ये ते सर्व राज्यास लागू झाले. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातील काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बालसारा खटल्यात अवैध ठरविल्या; मुख्य भाग कायम राहिला. उत्पन्नाची हानी झाली व हातभट्टीचा चोरटा धंदा वाढला. कायद्याने सवयी बदलण्याच्या खेरांच्या प्रयत्नांपैकी हा सर्वांत कमी यशस्वी झाला, असे म्हणता येईल.

उत्तरायुष्य : एप्रिल १९५२ मध्ये मोरारजी देसाई यांच्याकडे मुख्यमंत्रिपद गेले. खेर १९५२ ते १९५४ या काळात इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला. १९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते. हिंदीचा वापर क्रमाक्रमाने वाढवावा, अशी शिफारस आयोगाने १९५६ च्या अहवालात केली. सुनीतिकुमार चतर्जी व प. सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. अखेरच्या काळात ते गांधी स्मारक निधीचे अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले. मुंबईतील वांद्रे पूर्व भागातील खेरवाडी ही वस्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मूल्यमापन : खेरांचे खाजगी जीवन निष्कलंक व साधे होते. प्रतिपक्षाशी ते सौजन्याने वागत. पक्षांतर्गत सत्ता मात्र बरीचशी वल्लभभाई पटेल व मोरारजी देसाई यांच्या हाती एकवटली होती आणि खेर ठाम भूमिका घेत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर होई. त्यांच्या कायद्यांनी एकाच फटक्यात समाज बदलला नाही. परंतु कूळ, हरिजन, विवाहित स्त्री व आदिवासी यांना न्यायालयाच्या दारी जाण्यास आधार मिळाला. त्या आधाराचा उपयोग कितपत झाला, हे गावोगावच्या संघटित बळावर अवलंबून राहिले. चरी येथील कुळे व डहाणूचे वारली यांनी दिलेल्या लढ्यांवाचून कायद्यांना धार आली नसती, आणि कायद्यांवाचून लढ्यांचे फळ टिकले नसते.

१९४८ च्या अधिनियमात १९५६ मध्ये सुधारणा झाली व १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे खरेदीदार झाले, असे मानण्यात आले. खेरांचे निधन त्यापूर्वी जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते. हा अधिनियम २०१२ पासून ‘महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ या नावाने अस्तित्वात आहे. भिवंडी तालुक्यातील वळ, काल्हेर, पूर्णा अशा गावांच्या परिसरात गेल्या काही दशकांत भातशेतीच्या जागी मालाची मोठी गोदामे उभी राहिली. अशा भागांत जमिनीचा मोल चढल्यावर कुळाचे नाव दप्तरात केव्हा व कसे लागले, या नोंदीस नवे महत्त्व आले. कुळाने या कायद्याखाली मिळविलेली जमीन विकण्यावर कलम ४३ चे निर्बंध होते व २०१४ मध्ये ते बरेच सैल करण्यात आले. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, या हेतूने घातलेले हे निर्बंध आणि ती विकण्याचे त्याचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावयाचा, हा खेरांच्या पिढीने पुढील पिढ्यांकडे सोपविलेला प्रश्न अद्यापि पूर्णपणे सुटलेला नाही.